पुणं डाव्या हाताला

लग्नपत्रिकेच्या प्रुफात एकही चूक सापडली नाही, आणि पूर्णिमा मेश्राम ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या रडकुंडीला आली. चुका शोधण्याचाच तर तिला पगार मिळायचा. हिंजवडीच्या एका कंपनीत ती टेस्टिंगला होती. दुसऱ्यांनी लिहिलेली सॉफ्टवेअरं उलटीपालटी करून त्यातली खोट बाहेर काढायची हे तिचं काम, आणि त्यात तिचा असा दरारा होता की तिची ईमेल दिसली की डेव्हलपर मंडळी आधी चहा पिऊन यायची. शुक्रवारी दुपारी बाबांनी वर्ध्याच्या सायबर कॅफेतून ते प्रूफ पाठवलं. वर बुद्धाची रेखाकृती, खाली 'मंगल परिणय', मग आयु. पूर्णिमा आणि आयु. आनंद, डिसेंबरातली तारीख, सभागृहाचा पत्ता. तिनं ते वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं, मग एकेक नाव बोटाखाली धरून वाचलं. भांडण उकरून काढील अशी एकही आत्या सुटली नव्हती. सगळं जिथल्या तिथं होतं. खाली बाबांनी लिहिलं होतं, 'बारकाईने पाहा. रविवारी संध्याकाळी फोनवर हो म्हण, सोमवारी छापायला टाकतो.' एखादी वेलांटी जरी चुकलेली असती ना, तरी तिला बरं वाटलं असतं.

आता हा आनंद रामटेके. याच्याबद्दल वाईट बोलायचं तर जीभ झडेल, असा मुलगा. नागपूरचा, पुण्यातच दुसऱ्या एका कंपनीत, पुढच्या वर्षी टेक्सासला जायचं ठरलेलं. दारू नाही, तंबाखू नाही, आवाज चढवणं नाही. साखरपुड्यापासून रोज रात्री नऊला त्याचा फोन यायचा, पहिला प्रश्न 'जेवलीस का', आणि तो नुसता विचारायचा म्हणून विचारायचा नाही, उत्तर ऐकायचाही. तक्रार करायची ती कशाची? फोन वाजला की पूर्णिमाचे खांदे आपोआप कानांकडे चढायचे, याची? फोन संपला की ती उठून स्वयंपाकाचा ओटा घासायला घ्यायची, घासलेलाच पुन्हा घासायची, याची? तिची खोलीतली जोडीदारीण दीपाली म्हणायची, "तुझं लग्न झाल्यावर या ओट्याकडे कोण बघणार गं? त्यालाही टेक्सासला ने." पूर्णिमा हसायची. कोथिंबिरीच्या जुडीवरून वारज्याच्या भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी ही बाई आनंदसमोर बसली की तिच्या तोंडून एकच शब्द निघायचा. हॉल हा घ्यायचा की तो? चालेल. साडी पांढरी की फिकट निळी? चालेल. दोन वर्षं अमेरिकेत? चालेल. एकदा शनिवार पेठेतल्या एका जुन्या हॉटेलात त्यानं मेनूकार्ड बाजूला ठेवून तिला सरळ विचारलं होतं, "तुला नक्की काय आवडतं ते एकदा सांग ना." किती प्रेमानं विचारलं होतं. आणि तिला काहीही आठवेना. तिला नक्की काय आवडतं ते त्या टेबलापाशी डोक्यातून कुणी पुसून टाकल्यासारखं झालं होतं.

पण एवढ्यावर कुणी लग्न मोडतं का? टेस्टिंगमध्ये एक नियम असतो, आणि तो तिच्या रक्तात उतरला होता. नुसतं 'काहीतरी चुकतंय' असं म्हणून भागत नाही. ती चूक पुन्हा कशी घडवून दाखवायची, त्याच्या पायऱ्या लिहून द्याव्या लागतात: आधी हे केलं, मग हे दाबलं, मग हे बिघडलं. पायऱ्या नसतील तर समोरचा ती नोंद परत पाठवतो, 'आमच्याकडे होत नाही' असा शेरा मारून, आणि त्याचं बरोबरच असतं. खरं तर ती हा नियम कंपनीत शिकलीच नव्हती, घरून घेऊन आली होती. बाबा, म्हणजे दशरथ मेश्राम, जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत आले. उत्तर बरोबर आणि पायऱ्या नाहीत, तर मार्क भोपळा. स्वतःच्या मुलीलाही भोपळा. घरात रागवायचे नाहीत, हात उगारायचे नाहीत, फक्त चष्मा काढून म्हणायचे, "कारण सांग. पटलं त तुझंच खरं." सहलीला का जायचंय, विज्ञान का घ्यायचं, पुण्यालाच का शिकायचं, या सगळ्याची तिनं कारणं दिली होती आणि सगळ्यात ती पास झाली होती. इतका न्यायी बाप असला की त्याच्यापुढे बिनकारणाचं रडताही येत नाही. वर्गातल्या पोरी म्हणायच्या, तुझे बाबा किती छान. होतेच छान. पण एखाद्या बापानं एकदा उगीच थयथयाट केला असता तर पोरीलाही उगीच 'नाही जा' म्हणायची सवय लागली असती, असं तिला हल्ली वाटायला लागलं होतं.

म्हणून मग रविवारी ती पाठीला सॅक लावून कात्रजच्या घाटात जुन्या बोगद्याशी रिक्षातून उतरली. कात्रज ते सिंहगड. एक टेकडी चढायची, उतरायची, दुसरी चढायची, असं डोंगराच्या धारेवरून तासन्‌तास चालत राहायचं, की समोर गड. कंपनीच्या लोकांबरोबर ती हे आधी करून आली होती, एकटी पहिल्यांदाच. दीपाली म्हणाली होती, "एकटी? डोकं फिरलंय का? बरं, डबा तरी ने." डबा नेला होता. आणि डब्याबरोबर आणखी एक गोष्ट नेली होती, ती मात्र तिनं दीपालीला सांगितली नव्हती, कारण सांगायची लाज वाटत होती. तिनं मनाशी कौल लावला होता. उजेड असेपर्यंत गडावर पोचले तर बाबांना फोन करून हो म्हणायचं. मेश्रामांच्या घरात कौल, नवस, मुहूर्त, शकुन यांतलं काही म्हणजे काही नव्हतं. आजोबांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली आणि परत येऊन घरातले देव नदीला पोचते केले. मांजर आडवं गेलं तर आई, प्रेमलाबाई, मुद्दाम त्याच वाटेनं जायची. त्या घरातली ही इंजिनियर झालेली नात दोन हजार सहा सालच्या ऑक्टोबरात एका किल्ल्याला विचारत होती, लग्न करू की नको. बाबांना कळलं असतं तर त्यांनी चष्मा काढला नसता, नुसतेच बघत राहिले असते. आणि त्यातही तिची लबाडी बघा. मागच्या सगळ्या खेपांना ती दुपारीच गडावर पोचली होती. पोचणार हे ठाऊक असलेलाच कौल तिनं लावला होता. नाही पोचले तर काय, हे तिनं ठरवलेलंच नव्हतं.

सकाळ फार सुंदर होती. दसरा नुकताच होऊन गेलेला, गवत कमरेएवढं आणि वरून पिवळं पडायला लागलेलं, पायाखाली मुरूम कोरडा. या धारेवर वाट चुकायची भीती नसते, असं मागच्या वेळी बरोबरच्यांनी सांगितलं होतं: पुणं उजव्या हाताला ठेवायचं आणि चालत राहायचं. उजवीकडे खाली ते पसरलेलं होतंच, कात्रजचं तळं, मग घरं, मग नुसती घरंच, आणि धुरकट उन्हात कुठेतरी वारजे. ती पहिल्यांदा या शहरात आली तेव्हा वारज्याच्या पुढे शेतं होती. आता तिच्या गॅलरीसमोर तीन इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्या फटीतून सिंहगडावरचा टॉवर तेवढा दिसायचा. ऑफिसला जाताना ती त्या टॉवरकडे बघायची. सुरुवातीला पुण्यात तिच्या बोलण्याला लोक हसायचे, मेसच्या बाई एकदा म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे 'करून राहिले' म्हणतात ना? करा, करून राहा." ती बोलणं सुधारायला लागली. इतकं सुधारलं की वर्ध्याला गेली की आई म्हणायची, टीव्हीवरच्या बाईसारखी बोलतेस. सुधारता सुधारता कुठल्या वळणावर आपण सगळ्यांनाच बरोबर उत्तर द्यायला लागलो, असा विचार करत ती एक टेकडी उतरली आणि पुढची चढली. चढताना श्वास मोठा व्हायचा आणि डोकं रिकामं व्हायचं. ते रिकामं डोकं तिला फार आवडत होतं. डबा उघडून तिनं पोळीभाजी खाल्ली, बोटं चाटली, पाणी प्याली. गड समोर निळा दिसत होता, टॉवरसकट. पोचणार होती ती. का कुणास ठाऊक, पण ती डबा पुसत बसली, पुसलेलाच पुन्हा पुसत.

पहिल्यांदा वारा पडला. गवत हलायचं थांबलं. डावीकडे, खेड शिवापूरच्या अंगाला, आभाळ वांग्याच्या रंगाचं झालं होतं, आणि हे आपल्याला आधी कसं दिसलं नाही याचं तिला नवल वाटलं. मग परतीचा पाऊस आला. थेंब आधी एकेक, रुपयाएवढे, आणि मग एकदम सगळं आभाळच अंगावर. रेनकोट बाहेर काढेपर्यंत ती निथळली. वीज समोरच्या टेकडीवर पडली तेव्हा उजेड आणि आवाज एकदमच आले, मध्ये श्वासाचीही जागा नव्हती. धारेवर उभं राहायचं नाही, एवढं तिला कळत होतं. ती धडपडत उताराला खाली सरकली, एका खडकापासून अंतर राखून सॅकवर उकिडवी बसली, गुडघ्यांत डोकं घातलं आणि दोन्ही हातांनी कान झाकले. मुरुमाचं लाल पाणी तिच्या बुटांवरून वाहत होतं. दात वाजत होते. आपण इथे मरू शकतो, हे तिला अगदी स्वच्छ कळलं, आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. आणि त्या घडीला तिच्या मनात काय यावं? मरताना माणसाला आईबाप आठवतात म्हणे. तिच्या मनात आलं, बरं झालं, प्रुफाला अजून हो म्हटलेलं नाही. हे इतकं विचित्र होतं की ती गुडघ्यांत तोंड घालून, थरथरत, स्वतःलाच मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, काय बोलतेस तू?" उत्तर कोण देणार होतं? पुढची वीज लांब पडली, त्याच्या पुढची आणखी लांब.

पाऊस ओसरला तसं धुकं आलं. दरीतून वर चढत आलं आणि धारेवर बसलं, ते हलेना. स्वतःच्या बुटांपलीकडे काही दिसेना. ती उठली, अंग आखडलेलं, बोटं बधिर. रेनकोट झटकला, सॅक पाठीला लावली, हातापायांनी चढून पुन्हा धारेवर आली. पावसाआधी वारा डाव्या गालावर होता, हे तिला आठवत होतं. तेव्हा वारा डाव्या गालावर घ्यायचा आणि चालायचं. तिनं तसंच केलं. वारा मधल्या वेळात फिरला असेल, ही गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही. एरवी आली असती. लोकांच्या कामात असली गफलत तिनं अर्ध्या मिनिटात पकडली असती. ती चालत राहिली. वाट निसरडी झाली होती, दोनदा ती बसून घसरली, तळहात सोलवटले. एक चढ आला, मग उतार, मग चढ. धुक्यात सगळे चढ सारखे. मोबाइलला रेंज नव्हती. भीती होतीच, पण तिच्या खाली आणखी एक काहीतरी होतं, मऊ आणि ऊबदार, आणि त्याला ती हात लावत नव्हती. उशीर होत होता. गड अजून दिसत नव्हता. उजेड उतरायला लागला होता, आणि जसजसा तो उतरत होता तसतसे तिचे पाय हलके पडत होते. आपण थकायला हवं होतं, असं तिला वाटलं.

मग वाऱ्यानं धुक्याला फट पाडली. खाली घरं दिसली. ओली, चमकणारी, दाटीवाटीनं बसलेली घरं, त्यांच्यामागून जाणारा हायवे, त्यावर मुंग्यांच्या चालीनं सरकणारे ट्रक. पुणं. आणि ते डाव्या हाताला होतं. तिनं मान वळवली, पुन्हा वळवली. स्वतःचा डावा हात उचलून बघितला, लहान मुलं बघतात तसा. जेवतो तो उजवा, म्हणजे हा डावाच. पुणं डाव्या हाताला. म्हणजे ती इतका वेळ उलटी चालत होती. जिथून निघाली तिकडेच परत, मघाच्याच टेकड्या पुन्हा चढत. सिंहगड तिच्या पाठीमागे कुठेतरी धुक्यात होता आणि आज तो काही येत नव्हता. आणि तेव्हा, कुणी विचारायच्या आत, तिच्या छातीतून एक मोठा, लांबलचक उसासा सुटला. साखरपुड्यापासून अडकून बसलेला उसासा. खांदे खाली आले. इतके खाली आले की सॅकचे पट्टे घसरले. सुटले, सुटले बाई मी, असं ती म्हणाली, आणि म्हणाल्यावर ऐकलं. ती ओल्या गवतात फतकल मारून बसली आणि हसायला लागली, खदखदून, एकटीच. एवढा मोठा पुरावा मिळाला होता आणि त्याला एकही पायरी नव्हती. कुठलं बटण दाबल्यावर हे झालं ते तिला आजही लिहून देता आलं नसतं. पण झालं होतं. हे जे अंगभर पसरत होतं ते खोटं असेल, तर जगात खरं असं काही नव्हतं. कौलाचं तर तिला हसूच येत होतं. किल्ल्यानं काय सांगायचं? तो बिचारा होता तिथेच होता.

बोगद्याशी उतरली तेव्हा अजून थोडा उजेड होता. तोंडाशी दुर्गाबाईंची चहाची टपरी, वर निळं प्लास्टिक, त्यातून पाणी ठिबकत होतं. दुर्गाबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "सकाळच्याला तूच गेली हुतीस नव्हं वर? लई लवकर आलीस गड बघून."

"गड बघितलाच नाही, मावशी."

"मग काय बघाया गेली हुतीस?" असं म्हणून त्यांनी स्टोव्हला पंप मारला आणि न विचारताच आल्याचा मोठा तुकडा चेचला.

इथे रेंज होती. चहाचा ग्लास एका हातात धरून तिनं आधी आनंदला फोन लावला. बाबांच्या आधी त्याला कळायला हवं, एवढं तरी त्याचं देणं होतं. त्यानं लगेच उचलला. तिनं आडवळण घेतलं नाही. सांगितलं. आपली सुटका झाली म्हणून दुसऱ्याला लागायचं थोडंच थांबतं.

"माझं काही चुकलं का?" त्यानं विचारलं.

"नाही. काहीच नाही चुकलं."

"मग मी दुरुस्त काय करू, पूर्णिमा?"

"काही नको करूस. तू चांगला आहेस. मी तुझ्यासमोर कोणी नसते, आनंद. मला तिथे मी सापडत नाही. याहून जास्त मला सांगता येत नाही, खरंच येत नाही."

"मला वाटायचं तू लाजतेस," तो म्हणाला. आवाज जड होता, पण चढला नाही, तेव्हाही नाही. "माझ्या घरी मी सांगतो. काकांना तू सांग." आणि फोन ठेवताना, सवयीनं की कशानं, "नीट जा" म्हणाला. ती त्या ग्लासाकडे बघत बसली. त्याच्यासाठी तिला वाईट वाटत होतं, मनापासून वाईट वाटत होतं, आणि तरी खांदे काही वर चढले नाहीत.

मग वर्ध्याचा नंबर. हा खरा घाट. लहानपणी फळ्यापुढे उभी राहायची, तशी ती पाठ ताठ करून बसली. बाबा म्हणाले, "बोल पूर्णी. वाटच पाहून राहिलो. पाहिलं प्रूफ?"

"बाबा, पत्रिका छापू नका."

"काहून? चूक सापडली काय?"

"नाही. एकही नाही." तिनं श्वास घेतला. "मला हे लग्न नाही करायचं."

तिकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला. "आनंदनं काही केलं?"

"नाही."

"त्याच्या घरच्यांनी काही मागितलं?"

"नाही."

"दुसरं कोणी असंल त सांग. आपण पाहू. मी काही म्हणणार नाही."

"कोणी नाही, बाबा."

"मग कारण काय?"

आलाच तो प्रश्न. तिनं ग्लास बाकावर ठेवला. "कारण नाही, बाबा. खूप शोधलं. महिनाभर शोधलं. मला सांगताच येत नाही."

त्यांनी चष्मा काढला असणार. तो टेबलावर ठेवल्याचा बारीक आवाज तिनं ओळखला. पाठीमागे आईचा आवाज, काय झालं हो, काय म्हणते ती, आणि बाबांचं तिला, थांब जरा. ती वाट बघत राहिली भोपळ्याची.

"बरं केलं," बाबा म्हणाले.

"काय?"

"कारण सांगितलं असतं त मी ते खोडून काढलं असतं. मले तेवढंच त जमते. रातभर बसून खोडलं असतं, अन् तू सकाळी हो म्हटली असती." त्यांचा आवाज थोडा घोगरा झाला होता. "नको त नको. छापखान्यात मी सांगतो."

ती टपरीच्या बाकावर बसून, नाक न पुसता, मोठमोठ्यानं रडत होती, आणि बाबांनी फोन ठेवला नव्हता.